साथ पसरली, तर मुलीला परत बोलवावे की तिथेच राहू द्यावे?

प्रश्न : लेकीची आई, इंदिरानगर, नाशिक

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीने नाशिकमध्येच अन्न तंत्रज्ञानाची पदवी घेतली असून येत्या सप्टेंबरमध्ये ती एका वर्षाच्या एमएस्सीसाठी इंग्लंडमधील लीड्स येथे जाणार आहे. प्रवेश निश्चित झाला आहे, शैक्षणिक कर्ज मंजूर झाले आहे आणि व्हिसाची कागदपत्रे जमवणे सुरू आहे. तिला लहानपणापासून दमा आहे. तो आटोक्यात असला, तरी रोज दोन वेळा इनहेलर घ्यावा लागतो आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी उतरली की तिचा त्रास हमखास वाढतो.

आमच्या घरात सध्या एकाच गोष्टीवरून मतभेद आहेत. ती तिकडे असताना करोनासारखी एखादी साथ पुन्हा जगभर पसरली, तर काय करायचे? माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की बातमी येताच पहिल्या विमानाने तिने घरी यावे. मुलगी म्हणते, की ती मुळीच येणार नाही. अर्ध्यावर सोडून आले तर कर्ज डोक्यावर राहील आणि पदवी हातात नसेल. सासूबाई तर तिला पाठवूच नये या मताच्या आहेत आणि त्यांना मी दोष देऊ शकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या धाकट्या दिरांसाठी प्राणवायूची खाट शोधत आम्ही रात्रभर द्वारका, पंचवटी, नाशिक रोड असे फिरत होतो. ते त्यातून वाचले. पण पहाटे चार वाजता एका रुग्णालयाच्या दारात, गाडीतच त्यांची नखे निळी पडलेली मी पाहिली आहेत. आपल्याच शहरात, आपली माणसे हाताशी असताना ही वेळ आली, तर परक्या देशात एकट्या मुलीचे काय होईल, हा विचार मनातून जात नाही.

ज्यांच्यामार्फत प्रवेश घेतला, त्या सल्लागारांना हे विचारले, तेव्हा "आता तसे काही होणार नाही, काळजी करू नका" एवढेच उत्तर मिळाले. त्याने माझे समाधान झालेले नाही. २०२० ते २०२२ या काळात जे स्वतः परदेशात शिकत होते किंवा ज्यांची मुले शिकत होती, त्यांनी कृपया सांगावे, की परत येणे योग्य ठरले की राहणे? तो निर्णय कोणी, कधी आणि कशावरून घेतला? आणि निघण्यापूर्वी काय केले असते, तर पुढचे हाल वाचले असते?


उत्तर १ : शेफिल्डला शिकलेली, सध्या गंगापूर रोड

ताई, मी सप्टेंबर २०१९ मध्ये शेफिल्डला एमएस्सीसाठी गेले आणि साथीचे पहिले सहा महिने तिथेच काढले. आपण "कधी ठरवले" असे विचारले आहे, म्हणून आधी तारखाच सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटले. त्या आठवड्यात आमचे तास नेहमीसारखे होत होते. आई रोज फोनवर "काय ठरले?" असे विचारायची आणि मी निबंध सादर करायचे आहेत असे सांगून विषय पुढे ढकलायचे. १६ मार्चला भारत सरकारने जाहीर केले, की १८ मार्चपासून ब्रिटन आणि युरोपीय संघातून भारताकडे निघणाऱ्या कोणत्याही प्रवाशाला विमान कंपन्यांनी बसवून घेऊ नये. त्यात आम्ही भारतीय विद्यार्थीही आलो. २२ मार्चपासून सगळीच आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने भारतात उतरायची थांबली आणि परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्याच्या वंदे भारत मोहिमेतील पहिली विमाने ७ मे रोजी निघाली. म्हणजे महासाथ जाहीर झाल्यापासून दार बंद होईपर्यंत मला पुरते सात दिवस मिळाले आणि त्यानंतरच्या पन्नास दिवसांत कोणी काय ठरवले याला काही अर्थच उरला नाही. "पहिल्या विमानाने ये" हे आपल्या यजमानांचे म्हणणे मायेपोटी आहे, हे मी जाणते; माझे वडीलही हेच म्हणत होते. परंतु ते विमान मिळेलच असे धरून मुलीला पाठवू नका. निदान दोन महिने तिला तिथेच, कदाचित आजारी अवस्थेत, स्वतःच्या खोलीत राहावे लागेल, असे धरून तयारी करा.

त्यामुळे खोली कोणती घ्यायची, हा प्रश्न मला विद्यापीठ कोणते या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. मी पैसे वाचवण्यासाठी सहा जणांच्या घरात खोली घेतली होती. स्वयंपाकघर एक आणि न्हाणीघरे दोन. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका मुलाला ताप आला आणि चौथ्या दिवशी मला. त्या वेळी तिथे घरी बसलेल्या सौम्य आजाऱ्यांची चाचणीच होत नव्हती, त्यामुळे तो कोविडच होता असे मी आजही खात्रीने म्हणू शकत नाही. वास मात्र तीन आठवडे गेला होता. मी नऊ दिवस खोलीत होते. स्वयंपाकघरासाठी आम्ही प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या पाळ्या लावल्या आणि दोन पाळ्यांच्या मध्ये खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. शेजारच्या खोलीतील नायजेरियाची मुलगी रोज संध्याकाळी माझ्या दाराशी डबा ठेवून, दार वाजवून निघून जायची. ते नऊ दिवस मी तिच्या भरवशावर काढले. दमा असलेल्या मुलीसाठी तरी स्वतंत्र न्हाणीघराची आणि उघडणाऱ्या खिडकीची खोली घ्यावी, भाडे जास्त पडले तरी चालेल. खिडकी खरोखर किती उघडते, हे आधी विचारून घ्या. तिकडच्या बऱ्याच इमारतींत ती वीतभरच उघडते.

दुसरे म्हणजे, पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने जवळच्या जीपीकडे, म्हणजे भागातल्या सरकारी यंत्रणेच्या डॉक्टरांकडे, नाव नोंदवावे. व्हिसाबरोबर भरावा लागणारा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना सध्या वर्षाला ७७६ पौंड आहे. वर्षभराच्या एमएस्सीचा व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा असल्याने तो १,१६४ पौंड होतो. एवढी रक्कम भरूनही आमच्या घरातील दोघांनी "मला काय होतेय" म्हणत नोंदणी केलीच नव्हती आणि ऐन साथीत त्यांच्या अर्जाला उत्तर यायला तीन आठवडे लागले. माझी नोंदणी झालेली असल्यामुळे १११ या आरोग्य सल्ल्याच्या मोफत क्रमांकावर रात्री फोन केला, तेव्हा दुसऱ्या दिवशी माझ्याच डॉक्टरांनी परत फोन करून चौकशी केली.

पैशांचे थोडक्यात सांगते. मी एका कॅफेत आठवड्याला काही तास काम करत होते, ते २३ मार्चच्या टाळेबंदीने एका दिवसात बंद झाले. तिथल्या सरकारची वेतनसाहाय्य योजना व्हिसाधारकांनाही लागू होती, परंतु तिचा अर्ज मालकाने करायचा असतो आणि आमच्या मालकाने तो केला नाही. घर खासगी असल्याने भाडे माफ झाले नाही. विद्यापीठाच्या अडचणीतील विद्यार्थ्यांसाठीच्या निधीतून मला मदत मिळाली, ती केवळ मी वेळेवर अर्ज केला म्हणून. अशा निधीची माहिती अनेकांना नसतेच. मुलीने हे पान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आत्ताच शोधून ठेवावे आणि हातखर्चाचा हिशेब अर्धवेळ नोकरीवर मुळीच बांधू नये.


उत्तर २ : मे २०२० मध्ये परतलेला, जेल रोड, नाशिक रोड

वरील ताईंचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे. तरीही परत येणे हा कच खाल्ल्याचा प्रकार असतो, असा अर्थ कोणी काढू नये. मी लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकत होतो. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली आणि वडील हृदयरुग्ण, घरी एकटे. मे महिन्यात वंदे भारत मोहिमेच्या विमानात जागा मिळाली, तेव्हा मी निघालो. लंडन-मुंबई भाडे सरकारने ठरवून दिलेले ५० हजार रुपये होते. मुंबईत हॉटेलात १४ दिवसांचे विलगीकरण झाले, तेही स्वखर्चाने, आणि मग पास काढून नाशिकला आलो. वडिलांना भेटलो ते आणखी एक आठवडा वरच्या मजल्यावर वेगळा राहून, कारण मी परत येणे त्यांच्यासाठीच घातक ठरेल ही भीती मला सर्वांत जास्त होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. नाशिक म्हणजे सुरक्षित आणि परदेश म्हणजे धोका, असे काही नव्हते. मी आलो तेव्हा मालेगावची परिस्थिती रोज बातम्यांत होती. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये शहराचे काय झाले, ते आपण स्वतः पाहिले आहे. मी परतलो तो सुरक्षिततेसाठी नव्हे, तर वडिलांसाठी.

ते परतणे मला पेलले, कारण माझा उरलेला अभ्यास पुस्तकी होता. व्याख्याने पडद्यावर होत होती. लंडनच्या उन्हाळी वेळेशी आपला साडेचार तासांचा फरक, म्हणून संध्याकाळी सहाचा वर्ग मी रात्री साडेदहाला करत असे. प्रबंध घरी बसून लिहिला. मात्र निघण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी परवानगी घेतली होती, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. विद्यार्थी अभ्यासातून गायब झाला, तर तसे गृह खात्याला कळवणे तिथल्या विद्यापीठांना बंधनकारक असते आणि त्यातून व्हिसा रद्द होऊ शकतो. इतर देशांचेही असेच नियम आहेत. जर्मनीत सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास निवास परवाना एरवी संपुष्टात येतो. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी दर्जासाठी ही मर्यादा साधारणतः पाच महिन्यांची आहे. साथीच्या काळात सवलती मिळतात, पण त्या कशा बदलतात हे जुलै २०२० मध्ये अमेरिकेत दिसले : सर्व तास ऑनलाइन असतील तर विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही, असा आदेश ६ जुलैला निघाला, विद्यापीठे न्यायालयात गेली आणि १४ जुलैला तो मागे घेतला गेला. त्या आठ दिवसांत माझ्या ओहायोतील मित्राने दोनदा सामान बांधले.

विम्याबद्दलही सांगतो. मी निघताना घेतलेल्या प्रवास विम्याने माझ्या रद्द झालेल्या मूळ तिकिटाचा दावा फेटाळला, कारण महासाथ अपवादांच्या यादीत होती. ती यादी पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असते. आपण ती पैसे भरण्यापूर्वी वाचावी. ब्रिटनच्या आरोग्य अधिभारातून तिथले उपचार मिळतात, मात्र आजारी माणसाला भारतात आणण्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून वेगळा विमा हवाच. शैक्षणिक कर्जाचे हप्ते त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट थांबवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती, पण व्याज चढतच राहिले, हेही हिशेबात धरावे.


उत्तर ३ : एका वैद्यकीय विद्यार्थ्याचे वडील, सिन्नर

आमची गोष्ट वरच्या दोघांपेक्षा वेगळी आहे, आणि मुलीला परत बोलवण्यापूर्वी आपण ती ऐकावी असे मला मनापासून वाटते.

माझा मुलगा चीनमध्ये एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होता. वुहानमध्ये नव्हे, तिथून बऱ्याच दूर. जानेवारी २०२० मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीसाठी तो घरी आला, तो एक बॅग घेऊन. पुस्तके, लॅपटॉपचा चार्जर, हिवाळ्याचे कपडे सगळे वसतिगृहाच्या खोलीत. त्याच महिन्याच्या ३० तारखेला भारतातील पहिली रुग्ण केरळमध्ये सापडली, ती वुहानहून परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी होती, आणि १ व २ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांनी तिथल्या भारतीयांना दिल्लीला आणले गेले. "आपला मुलगा आधीच घरी आला, देव पावला" असे आम्ही म्हणालो. शेजाऱ्यांनी पेढे मागितले. २८ मार्चला चीनने परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला आणि विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागले ते ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस. अडीच वर्षांहून अधिक काळ तो सिन्नरच्या घरात माडीवर बसून शस्त्रक्रियेचे तास मोबाइलवर पाहत होता.

रुग्णाच्या छातीला हात न लावता डॉक्टर होता येत नाही, आणि आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचेही म्हणणे तेच होते. ८ फेब्रुवारी २०२२ च्या सूचनेत आयोगाने केवळ ऑनलाइन शिक्षणाला मान्यता नसल्याचे स्पष्ट केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर, ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळालेल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला बसता आले, परंतु इंटर्नशिप एका वर्षाऐवजी दोन वर्षांची करावी लागली. माझा मुलगा त्या तारखेत बसत नव्हता. तो परत गेला, पुन्हा विलगीकरणात राहिला, बुडालेले प्रात्यक्षिक प्रशिक्षण भरून काढले आणि ठरल्यापेक्षा बराच उशिरा बाहेर पडला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच म्हसरूळला आहे. मी तिथेही जाऊन चौकशी केली. परदेशातून आलेल्या मुलांना अधल्यामधल्या वर्षात इथल्या महाविद्यालयात सामावून घेण्याची तरतूद नियमांत नव्हती. तिथल्या लिपिकांनी मला बसवून चहा दिला, समजावून सांगितले, पण नियमापुढे तेही काय करणार?

म्हणून आपल्या मुलीच्या अभ्यासक्रमातील कोणता भाग घरी बसून होणारच नाही, ते आजच लिहून काढा. अन्न तंत्रज्ञान म्हटले की प्रयोगशाळा आली. ते काम कोणत्या महिन्यांत आहे, ते बुडाल्यास विद्यापीठ काय करते, मुदतवाढ मिळते का, तिचे शुल्क पडते का, हे प्रवेश विभागाला पत्र पाठवून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. साथीची चाहूल लागलेली असताना सुट्टीसाठीसुद्धा घरी येण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. आमचा मुलगा पळून आला नव्हता, सुट्टीला आला होता.


उत्तर ४ : निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कॉलेज रोड

मुलीला दमा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गोष्ट. "आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर" हे शब्द ऐकताच निर्णय घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडसाठी ती ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केली. एमपॉक्ससाठी (म्हणजे पूर्वीचा मंकीपॉक्स) ती २३ जुलै २०२२ रोजी आणि पुन्हा १४ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर झाली, पण त्या वेळी विद्यापीठे बंद पडली नाहीत की विमाने थांबली नाहीत. कारण एमपॉक्स मुख्यतः अगदी निकटच्या शारीरिक संपर्कातून पसरतो, तर कोविड एकाच खोलीतील हवेतून पसरत होता. १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत "महासाथ आणीबाणी" अशी वरची पायरी स्वतंत्रपणे धरली आहे, त्यामुळे यापुढे हा फरक थोडा स्पष्ट होईल. नवा आजार आला, की तो कसा पसरतो हे आधी विचारावे. हवेतून पसरत असेल तर खिडकी, मास्क आणि गर्दी यांचा विचार करायचा. पाण्यातून किंवा डासांतून पसरत असेल तर या तिन्हींचा फारसा उपयोग नाही. कापडी मास्कवर विसंबू नये. नाकाशी आणि हनुवटीशी घट्ट बसणारे एन-९५ मास्क तिने सोबत न्यावेत आणि ते लावून दोन जिने चढून पाहावेत. दमा असलेल्या काहींना त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

आता दम्याविषयी. रोजचा इनहेलर हा प्रतिबंधासाठी असतो आणि संसर्गाच्या काळात "आता बरे वाटते" म्हणून किंवा स्टिरॉइडच्या भीतीने तो बंद करणे ही मी वारंवार पाहिलेली चूक आहे. निघण्यापूर्वी आपल्या छातीच्या डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या : रोज काय घ्यायचे, त्रास वाढला तर किती वाढवायचे आणि कोणत्या लक्षणाला रुग्णालय गाठायचे. औषधांची नावे मूळ घटकांच्या नावाने लिहिलेली असावीत, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथल्या औषधविक्रेत्याला कळणार नाहीत. तीन महिन्यांचे इनहेलर हातातील बॅगेत ठेवावेत, सामानात टाकू नयेत. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे पीक फ्लो मीटर स्वस्त मिळते. ती बरी असतानाचा तिचा नेहमीचा आकडा किती, हे आजारपणाआधी माहीत असेल तरच त्याचा उपयोग. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जरूर न्यावा. ब्रिटनमधील मार्गदर्शनानुसार तो ९३ किंवा ९४ दाखवत असेल तर १११ ला फोन करायचा आणि ९२ किंवा त्याहून कमी असेल तर ९९९ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला. सावळ्या त्वचेवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकते. म्हणून बोलताना धाप लागत असेल, तर यंत्रावर काहीही दिसो, मदत मागावी.

लसींचे वेळापत्रक मे-जूनपर्यंत संपवा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एमएमआर लसीच्या दोन मात्रा हव्यात आणि दोहोंत किमान २८ दिवसांचे अंतर लागते. लहानपणीचे कार्ड सापडत नसेल, तर पुन्हा घेण्यात अपाय नाही. मेंदूज्वराची मेनएसीडब्ल्यूवाय लस पंचवीस वर्षांच्या आतील नव्या विद्यार्थ्यांना तिथे मोफत मिळते. स्टिरॉइडचा इनहेलर नियमित घेणाऱ्या दमेकऱ्यांना फ्लूची लसही तिथे मोफत आहे. थंडी सुरू होण्यापूर्वी, ऑक्टोबरातच ती घ्यावी. जून २०२१ मध्ये परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना कोविशिल्डची दुसरी मात्रा ८४ ऐवजी २८ दिवसांनी घेण्याची सवलत मिळाली आणि प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक नोंदवला जाऊ लागला, तेव्हा केंद्रावर किती गोंधळ झाला, ते मी स्वतः टेबलापलीकडून पाहिले आहे. नाव एका कागदावर एक आणि पारपत्रावर दुसरे, एवढ्यासाठी मुले रडकुंडीला आली होती. प्रत्येक लसीच्या नोंदीवरील नाव आणि जन्मतारीख पारपत्राशी ताडून घ्या.


लेकीची आई, इंदिरानगर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. सिन्नरच्या भाऊंचे लिखाण मी यजमानांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे दार दोन्हीकडून बंद होते."

रविवारी आम्ही चौघे जेवणानंतर बसलो आणि एका कागदावर ठरलेले लिहून काढले. मुलीला श्वासाचा त्रास सुरू असेल, तर प्रवास करायचा नाही. उपचार तिथेच घ्यायचे. प्रयोगशाळेचे काम संपले असेल, विद्यापीठाने लेखी परवानगी दिली असेल आणि विमाने सुरू असतील, या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या तरच परतण्याचा विचार करायचा, आणि तो तिने करायचा. यजमानांनी तीन महिन्यांचे भाडे आणि एका बाजूचे तिकीट एवढ्या रकमेची वेगळी ठेव करायचे मान्य केले आहे. स्वतंत्र न्हाणीघराच्या खोलीसाठी तिने कालच विद्यापीठाच्या वसतिगृहाला लिहिले आणि खिडकीचेही विचारले.

दोन शंका उरल्या आहेत. व्हिसासाठी क्षयरोगाची चाचणी लागते असे कळले. ती आत्ताच करून टाकावी का? आणि दुसरी शंका सासूबाईंची. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की हिच्या दाराशी डबा कोण ठेवील?


निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कॉलेज रोड

आत्ता करू नका. त्या प्रमाणपत्राची मुदत सहा महिन्यांची असते आणि व्हिसाच्या अर्जाच्या वेळी ते चालू असावे लागते. ब्रिटिश सरकारच्या यादीतील केंद्रावरच ही चाचणी करावी लागते. आपल्याकडचे बहुतेक जण त्यासाठी मुंबई गाठतात. मे-जूनमध्ये कसाऱ्याचा घाट पावसाने अडण्याआधी जाऊन यावे. छातीच्या क्ष-किरणात जुन्या दम्यामुळे काही शंका निघाली, तर थुंकीच्या तपासणीला काही आठवडे जातात, तेवढा अवधी हाताशी ठेवा.


शेफिल्डला शिकलेली, सध्या गंगापूर रोड

आजींना सांगा, की माझ्याही दाराशी कोण डबा ठेवील हे आधी ठरलेले नव्हते. ती मुलगी शेजारी निघाली, हा योगायोग होता. आपल्या लेकीने तो योगायोगावर सोडू नये. वसतिगृहात पोहोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात, अजून सगळे धडधाकट असताना, जवळच्या खोलीतील एका मुलीशी तिने हे सरळ बोलून घ्यावे, की आपल्यापैकी कोणी आजारी पडले, तर दुसरीने दिवसातून एकदा दार वाजवायचे, जेवण ठेवायचे आणि आतून उत्तर आले नाही, तर ९९९ ला फोन करायचा. तिचा क्रमांक आपल्याकडे असावा आणि आपला तिच्याकडे. लीड्समध्ये माझी एक वर्गमैत्रीण नोकरीला आहे, पुण्याची आहे. तिला विचारून आपल्याला खासगी निरोपात तिचा क्रमांक कळवते.